जुन्या पिकअप वाहनातील थंड केबिन : कारणमीमांसा आणि उपाय (किकवी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील किकवी हे गाव पुणे-सातारा महामार्गावर, कापूरहोळ आणि शिरवळ यांच्या दरम्यान वसलेले आहे. या पट्ट्यातील शेतमाल पुण्याकडे नेण्यासाठी पिकअप हे वाहन आज अपरिहार्य ठरले आहे. गुलटेकडी येथील मार्केट यार्डात पहाटेच्या सौद्यांपूर्वी माल पोहोचवायचा असल्याने ही वाहने मध्यरात्रीनंतर गाव सोडतात. डिसेंबर-जानेवारीत पुणे जिल्ह्यातील काही पहाटे किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. नीरेच्या खोऱ्यात दाट धुके साचते. पुढे कात्रजचा घाट किंवा नवा बोगदा ओलांडावा लागतो. साताऱ्याकडे जाणाऱ्यांना खंबाटकी घाट, तर भोरमार्गे कोकणात उतरणाऱ्यांना वरंधा घाट पार करावा लागतो.

अशा प्रवासात केबिनमधील हीटर नीट चालत नसेल, तर ‘आपल्याकडे थंडी ती किती?’ असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. हीटर ही थंड प्रदेशातील चैन आहे, हा समज येथे खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः हीटर ही इंजिनाच्या शीतन-व्यवस्थेचीच एक शाखा आहे. केबिन थंड राहत असेल, तर बहुतेक वेळा तो इंजिनातील बिघाडाचा पहिला संकेत असतो. प्रस्तुत लेखात या संकेताचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. पिकअप वाहनातील हीटरची कार्यपद्धती समजून घेणे.
२. केबिन पुरेशी उबदार न होण्याच्या कारणांचे वर्गीकरण करणे.
३. सोप्या निदान-पद्धती व सुरक्षित उपाय मांडणे.
४. थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या प्रचलित प्रथेची चिकित्सा करणे.

जुन्या पिकअपपैकी अनेकांत हीटर मुळातच बसविलेला नसे. प्रस्तुत विवेचन हीटर असलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांपुरते मर्यादित आहे.

हीटरची कार्यपद्धती :

डिझेलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश ऊर्जा चाकांना गती देण्यासाठी उपयोगी पडते. उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग धुराबरोबर व इंजिनाभोवती फिरणाऱ्या शीतकाद्वारे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. हीटर या वाया जाणाऱ्या उष्णतेचाच उपयोग करतो. गरम शीतकाचा एक प्रवाह रबरी होज पाइपमधून डॅशबोर्डामागील लहान रेडिएटरमध्ये नेला जातो. यालाच कारागीर हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरचा पंखा या कॉइलवरून हवा ढकलतो आणि तापलेली हवा पायांकडे किंवा समोरच्या काचेकडे वळविली जाते. म्हणजेच गाडी थंडच असताना हीटर चालू केला, तरी ऊब मिळणार नाही. ऊब मिळण्यासाठी इंजिन तापलेले असणे, तापलेले शीतक कॉइलपर्यंत पोहोचणे आणि कॉइलवरून पुरेशी हवा वाहणे या तीनही गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात.

इंजिन योग्य तापमानाला आणण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. त्यात मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. शीतक थंड असताना त्याची झडप बंद राहते व शीतक इंजिनातच फिरते. तापमान सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत पोहोचले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि शीतक पुढच्या रेडिएटरकडे जाऊ लागते. झडप नेमकी किती अंशांवर उघडते, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते.

समोरच्या काचेचा प्रश्न :

हीटरचा उपयोग केवळ चालकाच्या सुखासाठी नसतो. चालक व हमाल यांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प थंड काचेवर साचून काच आतून धुरकट होते. १० अंश तापमानाची हवा प्रतिघनमीटर सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प धारण करू शकते, तर ३० अंशांची हवा सुमारे ३० ग्रॅम. त्यामुळे बाहेरची दमट पण थंड हवा हीटरमधून तापवून काचेवर सोडली, की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास एक-तृतीयांशावर येते आणि ती काचेवरील ओल शोषून घेते. मात्र यासाठी हवा बाहेरूनच घेतली पाहिजे. केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा फिरविल्यास बाष्प आतच साचते. घाटात समोरून वाहन येत असताना एका हाताने काच पुसणाऱ्या चालकाचा दुसराच हात फक्त चाकावर असतो. पावसाळ्यात वरंधा घाटातही हीच अडचण येते. म्हणून हीटर हे हिवाळ्यापुरते नव्हे, तर बाराही महिने सुरक्षिततेचे साधन मानले पाहिजे.

थंड केबिनची कारणे :

ही कारणे तीन गटांत विभागता येतात.

अ) इंजिन न तापणे : थर्मोस्टॅट उघड्या अवस्थेत अडकलेला असणे किंवा तो काढून टाकलेला असणे.

आ) शीतक कॉइलपर्यंत न पोहोचणे : शीतकाची पातळी कमी असणे, व्यवस्थेत हवा अडकणे, हीटरची तोटी बंद असणे, कॉइलमध्ये गंज व क्षार साचणे, पाण्याचा पंप (कारागिरांच्या भाषेत वॉटर बॉडी) झिजणे. गळकी कॉइल बदलण्याऐवजी दोन्ही होज पाइप परस्परांना जोडून कॉइल वगळलेली असेल, तर हीटर अर्थातच निरुपयोगी ठरतो.

इ) हवेचा दोष : ब्लोअर मंद चालणे, हवेची वाट पालापाचोळा व धुळीने तुंबणे, हवा वळविणाऱ्या पडद्याची केबल सुटणे, दरवाजांचे रबर फाटून थंड हवा आत येणे.

आ गटातील बऱ्याच दोषांचे मूळ साध्या पाण्यात आहे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वारंवार भरल्याने क्षारांचे थर जमतात आणि लोखंडी भाग गंजतात. कॉइलच्या नळ्या अतिशय बारीक असल्याने तिथेच गाळ प्रथम अडकतो. म्हणूनच मोठा रेडिएटर तुंबण्याआधी हीटर थंड पडतो.

निदानाची पद्धती :

कोणतेही भाग बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पातळी पाहावी. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर भाजू शकते. हीटर कॉइल अनेक गाड्यांत उंचावर असल्याने पातळी खालावली की प्रथम तिथलाच प्रवाह थांबतो.

२. इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपचे निरीक्षण करावे. पंख्यापासून हात दूर ठेवावा. तो पाइप बराच वेळ थंड राहून मग एकाएकी गरम झाला, तर थर्मोस्टॅट काम करीत आहे. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे किंवा मुळात नाहीच. तापमानदर्शक काटा नेहमीच खालच्या खुणेजवळ रेंगाळणे, हीदेखील त्याचीच खूण होय.

३. गाडी तापल्यावर, हीटर पूर्ण उघडा ठेवून, त्याचे दोन्ही होज पाइप जपून चाचपावेत. दोन्ही गरम असूनही केबिन थंड असेल, तर दोष हवेच्या बाजूचा आहे. एक गरम व दुसरा थंड असेल, तर तोटी बंद आहे किंवा कॉइल तुंबली आहे. दोन्ही कोमट असतील, तर इंजिनच तापत नाही, शीतक कमी आहे किंवा हवा अडकली आहे.

४. पायाखालची सतरंजी ओली असणे, केबिनमध्ये गोडसर वास येणे किंवा काचेवर चिकट थर साचणे ही कॉइल गळत असल्याची चिन्हे होत. शीतक वारंवार कमी होऊनही बाहेर गळती दिसत नसेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेटची तपासणी करून घ्यावी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा :

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे सांगून तो काढून टाकण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली की तो काढला जातो. गाडी त्या दिवशी थंड राहते आणि चालकाचा विश्वास बसतो. परंतु तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा झिजलेली वॉटर बॉडी हे तापण्याचे खरे कारण तसेच राहते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतील बायपास मार्ग बंद करतो. अशा इंजिनातून तो काढल्यास बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनात येतो आणि भरलेली गाडी घाटात अधिकच तापू शकते. ज्या भयापोटी थर्मोस्टॅट काढला, तेच संकट त्यामुळे ओढवते.

हिवाळ्यात याउलट घडते. इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचत नाही. डिझेलचे ज्वलन अपुरे राहते, खप वाढतो, न जळलेले इंधन व घनरूप झालेले बाष्प इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि सिलिंडरची झीज वाढते. चालकाला मात्र फक्त पाय गारठल्याचे जाणवते. म्हणून या गारठ्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

उपाय :

थर्मोस्टॅट सदोष असल्यास निर्मात्याने ठरविलेल्या तापमानाचाच नवा बसवावा व त्याचे गॅसकेट बदलावे. इंजिनातील भागांच्या तुलनेत हा अल्पखर्ची भाग आहे. तुंबलेली कॉइल धुताना होज पाइप थंड अवस्थेत काढावेत. जुना पाइप पिळून ओढल्यास कॉइलची नळी तुटते; तो उभा चिरून काढणे बरे. नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने कमी दाबाचे पाणी सोडावे, ते स्वच्छ येईपर्यंत सोडत राहावे. तीव्र आम्ल वापरू नये, त्याने नळ्यांना छिद्रे पडतात.

त्यानंतर निर्मात्याने सांगितलेले कूलंट, साधारणतः समप्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून, भरावे. हीटरची तोटी उघडी ठेवावी, गाडीचे तोंड किंचित उंच जागी करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन संथ चालवावे आणि पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरावी. याने अडकलेली हवा निघते. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकोल विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरे व लहान मुले यांना त्याचा धोका असतो.

चालकांचे काही तात्पुरते उपाय मात्र घातक आहेत. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावल्याने ऊब वाढते, पण घाटात तो तसाच राहिल्यास इंजिन तापते. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवणे किंवा सायलेन्सर गळत असताना काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि ऑक्सिजनच्या तुलनेत तो हिमोग्लोबिनशी दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो.

निष्कर्ष :

चालकांच्या केबिनचा विचार अलीकडे शासनस्तरावर होऊ लागला आहे. डिसेंबर २०२३ मधील अधिसूचनेद्वारे नव्याने निर्माण होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले. परंतु लहान पिकअप व जुनी वाहने त्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्या बाबतीत दक्षता हाच उपाय उरतो.

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, थंड केबिन हा स्वतंत्र दोष नसून बहुधा शीतन-व्यवस्थेतील बिघाडाची सूचना असते. पातळी, वरचा होज पाइप आणि हीटरचे दोन पाइप यांची पाहणी करण्यास विशेष साधने लागत नाहीत. किकवीसारख्या गावात पिकअप हेच अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन असताना, हिवाळ्यापूर्वीची ही तपासणी बैलाच्या खुरांना पत्री ठोकण्याइतकीच नेमाची व्हावयास हवी. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे ज्ञान चालकांपर्यंत पोहोचविता आले, तर त्याचा लाभ इंजिनाला होईलच, शिवाय पहाटेच्या धुक्यात समोरची काच स्वच्छ राहून चालकही सुखरूप घरी परतेल.