मातीवाचून स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी म्हटली, की महाबळेश्वर व पाचगणी यांची आठवण होते. तेथील थंड हवा आणि निचऱ्याची तांबडी माती या पिकाला मानवते. पण बालाघाटच्या डोंगररांगांतील धाराशिव जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत हेच रोप लावले तर? ही जमीन पावसाचे पाणी फार वेळ धरून ठेवते. स्ट्रॉबेरीच्या उथळ, नाजूक मुळांना ते सोसत नाही. शिवाय तीत चुना पुष्कळ. चुन्यामुळे मातीतील लोह मुळांना घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. ताट वाढलेले असून रोप उपाशी!

मग मातीच नको, असे म्हटले तर? सुमारे १८६० साली युलिउस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने ठरावीक क्षार पाण्यात विरघळवून त्यावर रोपे वाढवून दाखविली. माती रोपाला आधार, पाणी, हवा आणि अन्न देते. ही चार कामे दुसऱ्या कोणी केली, तर मातीवाचून अडत नाही.

पहिली तीन कामे नारळाच्या काथ्याचा भुसा करतो. तो प्रथम स्वच्छ पाण्याने धुऊन त्यातील खारटपणा घालवितात, मग पिशव्यांत भरून त्यात रोपे लावतात. पाने जेथून फुटतात तो गाभा मात्र भुशाखाली गाडला जाता कामा नये, तो कुजतो. भुसा पाणी धरतो आणि हवाही खेळती ठेवतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो येथे सतत टिकविता येतो.

उरले अन्न. शेणखत जमिनीत हळूहळू कुजते व पिकाला बेताबेताने पोसते. भुशात असा साठा नाही. सारे खत एकदम घातले, तर क्षार वाढून पानांच्या कडा करपतात. म्हणून खताच्या दाण्यावर पातळ लेप देतात. लेपातून ओलावा आत शिरतो, खत विरघळते आणि थोडे थोडे बाहेर झिरपते. एकदा भुशात मिसळलेले असे खत काही महिने पुरते.

पण या दाण्याला ऊन कळते! उष्णता वाढली, की ते लवकर रिते होतात. धाराशिवकडे मार्चमध्ये पारा पस्तीस अंशांच्या आसपास जातो; तेव्हा पिशव्या तापू न देणे अगत्याचे ठरते. वर सावलीची जाळी बांधतात, पिशव्याही पांढऱ्या घेतात.

पाण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पिशवीतील रोपाला ठिबकने मोजके पाणी मिळते आणि ते खोल जमिनीत मुरून जात नाही, हा मोठा लाभ. परंतु मुळांपाशी मातीसारखा साठाही नसतो. उन्हाच्या दिवसांत ठिबक बंद पडले, की रोपे लवकरच माना टाकतात. म्हणून लागवडीपूर्वी शेतकऱ्याने विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, हे पाहावे लागते. पिशव्यांतून निथळणाऱ्या पाण्यातही थोडे खत असते. ते पन्हळीने गोळा करून बांधावरच्या झाडांना घालतात.