ओळखीचं गिऱ्हाईक

‘‘ताई, नाचणीचे पापड विकत कोण घेणार हो? ज्याच्या त्याच्या घरी होतातच की!’’

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी असं विचारलं आणि माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. आमचं मुठा गाव मुळशी तालुक्यातलं, डोंगरांच्या मधलं. खाली भातखाचरं, वर उतारावर नाचणी. गटात आम्ही दहा जणी. प्रत्येकीच्या हाताला चव, पण विकायचं म्हटलं की सगळ्यांची जीभ अडखळायची. ‘ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे?’ हाच मोठा प्रश्न.

जाहिरातीला पैसे नव्हते. मग एके दुपारी वही घेऊन बसलो. प्रत्येकीनं आपल्या माहितीतली पाच नावं सांगायची, ‘गावाबाहेरची’ एवढीच अट. कुणाचं माहेर पिरंगुटला, कुणाची नणंद कोथरूडला, कुणाचा भाचा पौडला दुकानात. बघता बघता पन्नास नावं झाली! आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणणाऱ्या बायका त्या वहीकडे बघतच राहिल्या. मैत्रिणींनो, आपल्या माहेरच्या, सासरच्या, भिशीच्या ओळखी किती लांबवर पोचलेल्या असतात, हे आपण कधी मोजतच नाही.

पुढे संक्रांत आली. दरवर्षी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटायचो. त्या वर्षी वाण म्हणून पाच-पाच पापडांची पुडी दिली. आत एक चिठ्ठी, त्यावर गटाचं नाव, फोन नंबर आणि भाव. भाव लिहायचा की नाही यावर बराच वाद झाला. ‘वाणावर कुणी किंमत लिहितं का?’ असं एक काकू रागावून म्हणाल्या. पण तोंडानं सांगायची लाज वाटते ना, मग कागदालाच सांगू दे, असं ठरलं. आठ दिवसांत कोथरूडच्या नणंदबाईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीतल्या बायकांना पापड हवे होते. पैसे आणायला गेलेल्या वहिनी परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. लग्नाला वीस वर्षं झालेली, पण स्वतःच्या कमाईची नोट पहिल्यांदाच हातात आली होती.

इथपर्यंत सगळं छान. चूक पुढे झाली, आणि ती माझीच.

जूनच्या अखेरीस मोठी मागणी आली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. गटातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘आता नको, दिवाळीनंतर देऊ.’’ पण गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीनं मी परस्पर ‘हो’ म्हणून बसले. मावशींनी बिचाऱ्यांनी चुलीवरच्या उबेत पापड सुकवले. महिन्याभरात तक्रार आली, पापडांना बुरशी! बैठकीत सगळ्यांची बोटं मावशींकडे. त्या मान खाली घालून बसलेल्या. मी दोन मिनिटं गप्प राहिले, हे कबूल करायला आजही जड जातं. मग उठून सांगितलं, ‘‘मावशींनी नको म्हटलं होतं. शब्द मी दिला होता.’’

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी एसटीनं कोथरूडला गेलो. घरोघरी माफी मागितली, पैसे परत केले. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्ही पदरमोड करून भरला. दोन घरं कायमची तुटली. बाकीच्यांनी मात्र ‘दिवाळीनंतर नक्की आणा’ म्हणून सांगितलं.

पुढे ‘लिज्जत’ची हकिकत वाचली आणि धीर आला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्यांनी चार महिने काम चक्क बंद ठेवलं. पुढच्या वर्षी एक खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, अशी युक्ती काढली. छगनबापा पारेख यांनी त्यांना बजावलं होतं, मालाच्या दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख ठेवा. ज्यांचं नाव आज घरोघरी आहे, त्यांनीही आधी ‘आता नाही’ म्हणायचं धाडस केलं होतं.

आता आमचेही काही नियम आहेत. पापड उन्हाच्या दिवसांतच करायचे. पावसाळ्यात तांदूळ विकायचा. टेमघर, लवासाकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी शनिवार-रविवारी रस्त्याकडेला टेबल मांडतो, तिथे इंद्रायणी चांगला खपतो. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि अन्न सुरक्षेचा १४ अंकी नोंदणी क्रमांक असतो. उधारी बंद, अगदी सख्ख्या जावेलासुद्धा! आणि शब्द एकटीनं द्यायचा नाही, बैठकीत विचारूनच.

मोबाइलवर फोटो पाठवणं, ग्रुपवर मागणी घेणं हे सगळं आमच्या मुली करून देतात. त्याचा उपयोग होतोच. पण फोटो बघून पापडाला वास येतो की नाही ते कळत नाही. ते सांगते एक बाई दुसऱ्या बाईला, नळावर, देवळात, एसटीत. चांगलंही सांगते आणि वाईटही. गाव लहान असलं की दोन्ही बातम्या सारख्याच वेगानं पोचतात.

ओळखीनं पहिलं पाकीट खपतं, मैत्रिणींनो. दुसरं मात्र पापडालाच खपवावं लागतं.

परवा कोथरूडहून फोन आला. तुटलेल्या दोन घरांपैकी एका घरातून. मी फोन मावशींच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘किती पाकिटं देऊ, ताई?’’