मेल एका घासात गिळू नये

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात धानाचे कट्टे राईस मिलच्या दारात येऊन पडतात. धान ट्रॉलीभर असो की ट्रकभर, हॉपरमध्ये एका वेळी त्याच्या पोटात मावेल तेवढंच जातं. शंभर कट्ट्यांसाठी कुणी शंभर कट्ट्यांचा हॉपर बसवत नाही. मेल हाताळणारे कित्येक प्रोग्राम मात्र नेमका तसाच हॉपर मागतात.

समजा, मिलमालकाने सीएला स्कॅन केलेल्या बिलांची १८ एमबीची पीडीएफ पाठवली. मेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरापुरती होती. १९९२ साली नॅथनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तिच्यात फाइलचे दर ३ बाइट ४ अक्षरांत लिहितात. ५७ बाइटांची ७६ अक्षरं झाली की नवी ओळ. (पीडीएफ कुणाचीही असो, हा मजकूर जे-व्ही-बी-ई-आर असाच सुरू होतो. एकदा नजर बसली की लांबूनच ओळखू येतो.) १८ एमबीचे इथेच जवळपास २५ होतात.

प्रोग्राम भाबडेपणाने लिहिलेला असेल, तर तो हे २५ एमबी सगळे मेमरीत घेतो. मग त्यांची ‘स्ट्रिंग’ करतो. डॉटनेट या प्रोग्रामिंग प्रणालीत दर अक्षराला २ बाइट लागतात, म्हणजे आणखी सुमारे ५०. शिवाय उलगडलेली मूळ फाइल, १८. एका मेलपायी नव्वदच्या वर! मार्चअखेर असे दहा मेल एकदम आले की १ जीबीचा सर्व्हर मान टाकतो. मग रॅम वाढवतात, पुढच्या मार्चपर्यंत निभतं.

खरा उपाय मिलवाल्याचाच. ८ केबीचा तुकडा घ्यायचा, उलगडायचा, डिस्कवर लिहायचा आणि त्याच जागेत पुढचा तुकडा घ्यायचा. मेल १ एमबीचा असो की १००चा, जागा तेवढीच लागते. ग्यानबाची मेख तुकड्यांच्या सांध्यावर आहे. मजकूर आणि जोडफाइल यांच्यातली खुणेची ओळ अर्धी या तुकड्यात, अर्धी पुढच्यात येऊ शकते. म्हणून प्रत्येक तुकड्याचं शेपूट जपून ठेवावं लागतं.

एके ठिकाणी धानाची उपमा तुटते. मेल खरंच पाठवणाऱ्याच्या डोमेनवरून निघाल्याची ‘डीकिम’ ही सही मेलच्या माथ्यावर बसते, पण तिचा हिशोब मजकुराच्या शेवटच्या ओळीपर्यंत चालतो. त्यामुळे पाठवताना सही होईपर्यंत अख्खा मेल डिस्कवर ताटकळतो. मेमरीत असतात ते त्या हिशोबाचे जेमतेम शे-दीडशे बाइट.