खुंटकट्टी, कचेरी आणि मिशन

छोटा नागपूरच्या पठारावर, म्हणजे आजच्या झारखंडात, ख्रिस्ती धर्म कसा पसरला याचा शोध प्रवचनांपेक्षा रांचीच्या कचेरीत चाललेल्या जमिनीच्या दाव्यांत घेणे अधिक फलदायी ठरते. बर्लिनच्या योहान्नेस गोस्नर यांनी पाठवलेले चार जर्मन मिशनरी नोव्हेंबर १८४५ मध्ये रांचीला पोचले, पण पहिल्या बाप्तिस्म्यांसाठी त्यांना जून १८५० पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे उरांव आणि मुंडा या जमातींचे आदिवासी मोठ्या संख्येने मिशनकडे वळले, ते बऱ्याच अंशी जमीनदारासमोर आपली बाजू मांडणारे कोणी तरी हवे होते म्हणून.

मुंडांच्या मूळ जमीनधारणेला ‘खुंटकट्टी’ म्हणतात. ज्या घराण्याच्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवले, त्याच्या पुरुषवंशजांची त्या गावावर सामाईक मालकी असे. गावचा प्रमुख तो ‘मुंडा’, आणि अनेक गावे मिळून होणाऱ्या पट्टीचा प्रमुख तो ‘मानकी’. छोटा नागपूरच्या राजाकडून गावे मिळवून आलेल्या बाहेरच्या लोकांनी, म्हणजे आदिवासींच्या भाषेत ‘दिकूं’नी, या मालकांनाच कुळे ठरवले, खंड वाढवला आणि वेठबिगार लादली. खोतीचा इतिहास ठाऊक असलेल्या कोकणी वाचकाला यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. मुंडांची खरी अडचण मात्र पुराव्याची होती. गावालगतच्या ‘ससन’ या स्मशानभूमीत संस्थापक घराण्यातील मृतांच्या अस्थी मोठ्या सपाट शिळांखाली ठेवल्या जात, आणि या शिळा, म्हणजे ‘ससनदिरी’, हाच त्यांच्या लेखी मालकीचा दाखला होता. इंग्रजी न्यायालयाला तो दिसत नसे, कारण त्याला दस्त हवा असे, आणि दस्त जमीनदाराकडे तयार असे.

१८८५ मध्ये तोरपा येथे आलेल्या कॉन्स्टंट लीव्हन्स या बेल्जियन जेझुइट पाद्र्याने ही अडचण नेमकी ओळखली. कायदेशीर खंड भरावा, त्याची पावती मागावी, जादा बिगार नाकारावी आणि जमीनदाराने दावा लावलाच तर मिशनने मदत करावी, असा त्याचा रोख होता. त्यासाठी त्याने स्वतः जमिनीच्या कायद्याचा अभ्यास केला. दावे जिंकले जाऊ लागले, तशी गावेच्या गावे त्याच्याकडे येऊ लागली. ही धर्मांतरे श्रद्धेची की सोयीची, हा वाद तेव्हाही होता. परंतु पोट आणि जमीन धोक्यात असलेल्या माणसाकडून श्रद्धा आणि सोय यांची काटेकोर फारकत मागणे अन्यायाचे होईल. क्षयाने खंगलेला लीव्हन्स १८९२ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी वारला.

या मदतीला मर्यादा होती, आणि ती सरदारांच्या लढ्यात उघडी पडली. ‘सरदार’ म्हणजे जमिनीचा हक्क मागत अर्जविनंत्या करणारे आदिवासी पुढारी, त्यांतील अनेक ख्रिस्ती. त्यांनी संपूर्ण मालकीची मागणी धरली, तेव्हा सरकारशी वैर नको असलेल्या मिशनऱ्यांनी अंग काढून घेतले. चाईबासाच्या जर्मन मिशनशाळेत शिकलेला बिरसा मुंडा याच काळात मिशनपासून दुरावला. सगळ्या साहेबांची टोपी एकच, हे त्याचे म्हणून सांगितले जाणारे उद्गार या अनुभवातून आलेले आहेत. १८९९ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ‘उलगुलान’, म्हणजे बिरसाचा उठाव, सुरू झाला, तेव्हा मिशनची ठाणीही बाणांच्या टप्प्यात होती. सरवदा येथील हल्ल्यातून योहान हॉफमन हा जर्मन जेझुइट वाचला. बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावला.

हल्ला झाला म्हणून हॉफमन मुंडांवर उलटला नाही, ही या इतिहासातील लक्षणीय बाब. उठावानंतर सरकारने जमिनीची मोजणी व हक्कनोंदणी हाती घेतली, आणि मुंडांच्या जमीनव्यवस्थेविषयी हॉफमनने तयार केलेली टिपणे अधिकाऱ्यांच्या उपयोगी पडली. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याने मुंडा खुंटकट्टीला मान्यता दिली आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घातली. पाठोपाठ १९०९ मध्ये, सावकाराचा विळखा सैल व्हावा म्हणून, हॉफमनने सहकारी पतसंस्था उभारली. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला हिंदुस्थान सोडावा लागला. मुंडांच्या भाषेचा व जीवनाचा अवाढव्य कोश त्याने जर्मनीत बसून लिहिला, आणि त्याचे प्रकाशन त्याच्या मृत्यूनंतर, १९३० पासून, पाटण्याहून सुरू झाले.

कुळकायद्याचे महत्त्व मात्र कोशासारखे अभ्यासकांपुरते राहिले नाही. झारखंड सरकारने तो सैल करण्यासाठी मंजूर करून घेतलेले विधेयक आदिवासींच्या तीव्र विरोधानंतर राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी २०१७ मध्ये परत पाठवले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले.