खिडकीची काच: फुटू नये, पण निघावी!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आधी एक आठवण. कॉलेजला असताना आम्ही कसारा लोकलने जायचो. एकदा बाहेरून दगड आला आणि समोर बसलेल्या मित्राच्या भुवईवर लागला. चार टाके पडले. तेव्हापासून गाडीत बसलो की माझी नजर आधी खिडकीकडे जाते.

गेल्या वर्षी शिकागोला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या ओळखीच्या एका काकांचा स्वतःचा रेल्वे डबा आहे. हो, स्वतःचा! अमेरिकेत काही हौशी लोक जुने प्रवासी डबे विकत घेतात, दुरुस्त करतात आणि अ‍ॅमट्रॅकच्या गाडीला मागे जोडून फिरतात. काकांचा डबा 1950च्या सुमाराचा. लाकडी कपाटं, पितळी दिवे, मोठाल्या खिडक्या. मी सवयीप्रमाणे विचारलं, "काका, काच कसली आहे?" ते हसले आणि म्हणाले, "बस, हा प्रश्न लांबचा आहे."

तर गोष्ट अशी. अमेरिकेत रेल्वे सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था म्हणजे फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात एफआरए. गाड्यांवर दगडफेक व्हायची, गोळ्याही झाडल्या जायच्या. म्हणून 1979च्या शेवटी एफआरएने काचेचे नियम काढले. त्यात काचेचे दोन प्रकार आहेत. समोर आणि मागे तोंड असलेल्या काचेसाठी टाइप वन, बाजूच्या खिडकीसाठी टाइप टू.

परीक्षा कशी घेतात ते ऐका. दोन्ही प्रकारांवर पॉइंट टू टू बंदुकीची गोळी झाडतात, सेकंदाला साधारण 290 मीटर वेगाने. मग सुमारे 11 किलोचा सिमेंटचा ठोकळा आदळवतात. टाइप वनवर तो ताशी साधारण 48 किलोमीटरने, टाइप टूवर फक्त 13ने. फरक का? समोरच्या काचेवर गाडी स्वतःच्या वेगाने जाऊन आदळते, बाजूच्या काचेवर तसं होत नाही.

आणि यातली खरी गंमत काचेच्या मागे आहे. तिथे सहा इंचांवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ताणून लावतात, जाडी जेमतेम 0.15 मिलिमीटर. गोळी काचेत अडकली, पण आतल्या बाजूने एखादी कपची उडून पत्र्याच्या आरपार गेली, तरी काच नापास! कारण त्या पत्र्याच्या जागी उद्या कुणाचे तरी डोळे असणार.

आता जुन्या डब्यांचं काय? त्यांना सूट आहे. 2016मध्ये ती नेमकी केली: डबा मूळ बांधणीपासून 50 वर्षांहून जुना हवा आणि तो फक्त सहल, शिक्षण, करमणूक किंवा खासगी प्रवासासाठीच वापरला जायला हवा. म्हणजे काकांनी मूळ काच ठेवली तरी कायदा काही म्हणणार नाही.

पण इथेच मेख आहे. असाच डबा नियमित प्रवासी गाडीला जोडला आणि आत माणसं असली, तर आपत्कालीन खिडक्यांची अट लागतेच. काच जुनी चालेल, बाहेर पडायची वाट मात्र हवीच.

हे असं का, ते दोन अपघातांवरून कळतं. 16 फेब्रुवारी 1996ला मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगजवळ लोकल गाडी आणि अ‍ॅमट्रॅकची गाडी धडकली. आग लागली, 11 जण गेले. दारं-खिडक्या आतून झटपट उघडता न येणं हा चौकशीतला मोठा मुद्दा होता. दुसरा याच्या अगदी उलट. 1 डिसेंबर 2013ला न्यूयॉर्कमधल्या स्पायटन डायव्हलला लोकल रुळावरून घसरली, खिडक्यांच्या काचा चौकटीतून निघाल्या आणि चार प्रवासी बाहेर फेकले जाऊन मरण पावले. हे काही जुने खासगी डबे नव्हते, पण धडा सगळ्यांना सारखाच. खिडकी एरवी हलता कामा नये, आणि गरज पडली की हाताने निघाली पाहिजे.

काकांनाही आधी हे कळलं नव्हतं. दगडाच्या भीतीने त्यांनी बाहेरच्या बाजूला पॉलिकार्बोनेटचे जाड पत्रे स्क्रूने घट्ट बसवले. हे प्लॅस्टिक हातोड्याने फुटत नाही, हातोडाच उसळून परत येतो. एका मित्राने विचारलं, "आत धूर झाला तर तुझी नात कुठून बाहेर पडणार?" काका म्हणाले, त्या रात्री झोप लागली नाही.

मग त्यांनी चार खिडक्या बदलल्या. आता त्यांत काचेभोवती रबराची पट्टी आहे. लाल मूठ धरून पट्टी ओढायची आणि काच आत खेचून काढायची. हातोडा, पाना काही लागत नाही. नियमातली आपत्कालीन खिडकीची कल्पनाच ही आहे: अवजाराशिवाय, आतून, पटकन. काकांनी मला पट्टीची सुरुवात बोटाने दाखवली आणि म्हणाले, "पाहुणा आला की आधी हे दाखवतो, मग कॉफी."

अशा डब्यात कधी बसलात, तर दोन गोष्टी बघा. एक, काचेच्या कोपऱ्यात 'एफआरए टाइप टू' असा कायमचा शिक्का आहे का. नसेल तर घाबरू नका, डबा सूट मिळालेला असू शकतो. पण सूट म्हणजे काच मजबूत असल्याची खात्री नव्हे. दोन, आपल्या जागेपासून सगळ्यात जवळची आपत्कालीन खिडकी कुठली आणि ती कशी निघते. हे दुसरं काम आपल्या गाडीतही करा. अर्धा मिनिट लागतो. मोबाइल नंतर काढा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर खिडकीत बसा, पण खिडकी ओळखून बसा!