ट्रॉम्बोन केसमध्येच खराब होतो तेव्हा

आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि बँडपथकांचे ट्रॉम्बोन हार्ड केसमध्ये जातात. काही गणपतीत बाहेर निघतात, काही थेट तुळशीच्या लग्नानंतर. शाळेच्या बँडची, चर्चमधली वाद्यंही सुट्टीत अशीच बंद राहतात. केस कडक आहे, खटके लागले, म्हणजे काळजी मिटली, असं जवळपास सगळेच धरून चालतात. बाहेरच्या धक्क्यापासून केस वाचवते हे खरंच. पण शेजारी काय ठेवलं आणि आत किती ओल कोंडली, यापासून ती वाचवत नाही, आणि ट्रॉम्बोनचे बरेच हाल त्यातूनच होतात.

‘केस मजबूत आहे, रिकाम्या जागेत काहीही ठेवलं तर काय बिघडतं?’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर सुमारे २.७ मीटर भरेल. तिच्यातला जीव म्हणजे स्लाइड. आतल्या दोन नळ्यांवर क्रोमचा मुलामा असतो आणि त्यांच्यावरून बाहेरच्या नळ्या सरकतात. बाहेरच्या नळीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आणि दोन्हींमधली फट दशांश मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फटीत बारीकसा पोचा आला तरी स्लाइड त्या जागी घासते, अडते.

आता केस उघडून नीट बघा. बऱ्याच केसमध्ये भोंगा खालच्या भागात आणि स्लाइड झाकणात बसवलेली असते. झाकण मिटलं की स्लाइड भोंग्याच्या बरोबर वर येते. त्या दोघांच्या मध्ये नोटेशनची जाड फाइल सरकवली, की झाकण लावताना सगळा दाब स्लाइडवर. नळ्या किंचित वाकतात, एकमेकींना समांतर राहत नाहीत. वरून काही दिसत नाही. चौथ्या-पाचव्या पोझिशनला हात जड झाला की मग कळतं. खटका बोटाने सहज लागला पाहिजे. झाकणावर गुडघा टेकवावा लागत असेल, तर आत काहीतरी जास्तीचं आहे. फाइलला वेगळी पिशवी करावी. झाकण मिटण्याआधी स्लाइडचं लॉक फिरवलंय का आणि तिला धरणारे पट्टे लागलेत का, हे हाताने चाचपून बघावं. लॉक सुटं राहिलं तर केस उचलताच बाहेरच्या नळ्या घसरू शकतात. पट्टा सुटला तर स्लाइड भोंग्यावर पडते.

मोकळं सोडलेलं माउथपीस याहून वाईट. ते भरीव, जड आणि कडेला टोकदार. केस हातात धरून जिना उतरताना ते आत गडगडत राहतं, आणि पोचे स्लाइडवर नाहीतर भोंग्याच्या पातळ काठावर उठतात. स्वतःच्या देठाचं टोकही चेपून घेतं, ते वेगळंच. केसमध्ये माउथपीससाठी खाच असते. ती सैल झाली असेल तर जाड कापडाची किंवा चामड्याची छोटी थैली घ्यावी. तेलाच्या बाटलीचंही तसंच, कप्प्याला झाकण असेल तरच आत.

आतलं फोम दबलं की ट्रॉम्बोन केसमध्ये हलू लागतो. ते ओळखायला आतल्या सुट्या वस्तू काढून केस बंद करावी, थोडी उचलून हळूच डोलवावी आणि कान द्यावा. ठक् असा आवाज आला तर केस पुरेशी धरत नाही. टेम्पोत तिच्यावर साइड ड्रम रचू नयेत. भिंतीला टेकवून उभीही करू नये; ती आडवी पडते तेव्हा बसणारा हिसका आतपर्यंत पोचतो.

‘पितळ गंजत नाही, मग ओलीची कसली भीती?’

लोखंडासारखं पितळ गंजत नाही, बरोबर. पण पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं हे घरोघरी माहीत आहे, आणि भांड्यांना कल्हई लावायची ती त्याचसाठी. वाद्याच्या आत कल्हई नसते. वाजवताना श्वासातली वाफ थंड धातूवर निवून तिचं पाणी होतं, त्यात थोडी लाळ आणि तोंडातले अन्नाचे कण. पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ओलावा आणि आम्लता यांनी जस्त हळूहळू निघून जातं आणि तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो. बाहेरून गुलाबी-तांबूस ठिपका दिसेपर्यंत आतून पत्रा बराच खाल्लेला असतो. पाणी साचतं त्या स्लाइडच्या खालच्या वळणावर आणि माउथपीस बसतं त्या नळीत हे जास्त. पाणी काढायच्या चावीची स्प्रिंग पोलादी असली तर ती मात्र सरळ गंजतेच.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तिथे ओलं वाद्य केसमध्ये कोंडणं म्हणजे मखमली अस्तराला बुरशीचं आमंत्रण. वाजवून झालं की चावी दाबून पाणी फुंकून काढावं, आतल्या नळ्या सुती फडक्याने पुसाव्यात, माउथपीस धुऊन कोरडं करावं. मग केस थोडा वेळ उघडी ठेवावी आणि फडकं ओलं असेल तर ते बाहेर वाळत टाकावं. ओलं फडकं आत ठेवून केस मिटली, तर पुसण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो.

डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, कसर जाते. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, आणि त्याही ओल पिऊन भरल्या की बदलाव्या लागतात. रंग बदलणारे दाणे घेतले तर हे डोळ्यांना कळतं.

चिंच किंवा राख लावून चमकवणं देवघरातल्या समईला ठीक. ट्रॉम्बोनवर बहुधा लॅकरचा पातळ थर असतो. घासून चमक आणायच्या नादात तोच निघतो आणि उघडं पितळ लवकर काळवंडतं. लॅकरला मऊ कोरडं फडकं पुरतं. माउथपीसवर चांदीचा मुलामा असेल तर त्याला रबरबँड गुंडाळून ठेवू नये. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

‘महिनाभर वाजवायचं नाही, भरपूर तेल ओतून ठेवू’

जुन्या तेलावर, क्रीमवर नवं ओतलं की चिकट राप बसतो. खोबरेल तर अजिबात नको. ठेवण्याआधी स्लाइड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. पाणी कडक गरम घेतलं तर लॅकर सुटू शकतं. रोटरची चावी असलेल्या ट्रॉम्बोनला रोटरमध्ये मात्र त्याच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत, नाहीतर तो आवळून बसतो.

‘माउथपीस वाद्यालाच लावून ठेवलं तर हरवत नाही’

हरवत नाही, पण अडकतं. त्याचा देठ निमुळता असतो आणि नळीत पाचरीसारखा आवळत जातो. ओल आणि कळंक मिळून तो आणखी घट्ट होतो. शिवाय ते लावलेल्या स्लाइडवर झाकण दाबलं की जोर थेट नळीच्या सांध्यावर येतो. अडकलेलं माउथपीस पक्कडीने पिळलं तर झाळलेला जोड सुटतो, आतली नळी पिळवटते, आणि थोडक्यात भागलं असतं तिथे सगळी स्लाइड खोलावी लागते. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे त्यासाठी पुलर असतो. स्क्रू फिरवत तो माउथपीस सरळ रेषेत ओढून काढतो, पिळत नाही. चेपलेलं देठाचं टोकही निमुळत्या दांड्यावर पुन्हा गोल करता येतं. माउथपीस बसवताना ते आत ठेवून किंचित फिरवावं, तेवढं पुरतं. त्याच्या तोंडावर तळहाताने थाप मारू नये. अडकलेली कित्येक माउथपीस या थापेनेच अडकतात.