स्वयंसेवक की युद्धकैदी? जर्मन सैन्यातील भारतीय पथक : एक विवेचन (१९४१–१९४५)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने केवळ जर्मन सैनिकच लढले, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. स्पेनचे ‘निळे डिव्हिजन’, फ्रेंच स्वयंसेवकांचे पथक, बोस्नियातील मुस्लिमांचे ‘हांडशार’ डिव्हिजन, तसेच सोव्हिएत युद्धकैद्यांतून उभारलेली तुर्कस्तानी, जॉर्जियन व आर्मेनियन पथके ही त्याची ठळक उदाहरणे होत. या सर्वांना ‘स्वयंसेवक’ असे एकच नाव मिळाले. परंतु त्यांच्या प्रेरणा व परिस्थिती परस्परांहून अगदी भिन्न होत्या. या मालिकेतील भारतीय पथक आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या पथकाची उभारणी, त्याचे स्वरूप व त्याची अखेर यांचा आढावा घेऊन ‘स्वयंसेवक’ या संज्ञेची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पथकाची उभारणी

जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्यातील नजरकैदेतून निसटलेले सुभाषचंद्र बोस काबूल व मॉस्कोमार्गे एप्रिल १९४१ च्या आरंभी बर्लिनला पोहोचले. त्याच महिन्यात उत्तर आफ्रिकेत मेचिली येथे ब्रिटिश हिंदी सेनेची तुकडी रोमेलच्या सैन्याच्या हाती सापडली. पुढे २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही शरण गेलेल्या ब्रिगेडमध्ये होती. अशा रीतीने हजारो भारतीय सैनिक जर्मनी व इटली यांच्या छावण्यांत आले. यांतूनच स्वातंत्र्याचे सैन्य उभारता येईल, अशी बोस यांची धारणा होती.

नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिनमध्ये ‘आझाद हिंद केंद्र’ सुरू झाले. आबिद हसन, एन. जी. स्वामी, तसेच पुढे या कालखंडाच्या आठवणी ग्रंथरूपाने लिहिणारे ना. ग. गणपुले हे केंद्राच्या कार्यात सहभागी होते. अन्नाबुर्ग येथील छावणीत भारतीय कैद्यांशी संपर्क साधण्यात आला. जर्मनीतील मोजके भारतीय विद्यार्थी व काही कैदी यांच्यापासून फ्रँकेनबेर्ग येथे प्रशिक्षणास प्रारंभ झाला. पुढे ड्रेस्डेनजवळील केनिग्सब्रुक हे मुख्य केंद्र झाले. जर्मन सैन्यात या पथकास ‘९५० वी पायदळ रेजिमेंट’ असा क्रमांक मिळाला. त्याची संख्या सुमारे अडीच ते तीन हजारांपर्यंत गेली.

‘स्वेच्छे’चा प्रश्न

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. तारेच्या कुंपणाआड असलेल्या माणसाची निवड कितपत स्वतंत्र मानावी? छावणीतील उपासमार, अनिश्चितता व घरापासूनचा दुरावा यांचे दडपण निर्णयावर असणे स्वाभाविक होते. मात्र केवळ दडपणाने सर्व उलगडा होत नाही. तीच उपासमार सोसूनही बहुसंख्य भारतीय कैद्यांनी पथकात येण्यास नकार दिला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करू नये, ही भावना त्यांच्यात प्रबळ होती. उलटपक्षी, पथकात आलेल्या अनेकांना बोस यांच्या व्यक्तिमत्त्वाने व स्वातंत्र्याच्या आकांक्षेने खरोखरच भारले होते.

याच संदर्भात हेही ध्यानी घ्यावे लागते की, ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या सुमारे २५ लाखांच्या हिंदी सेनेसही ‘स्वयंसेवी सेना’ म्हटले जाते. त्या भरतीमागेही उपजीविका, घराण्याची परंपरा व गावाची प्रतिष्ठा ही कारणे होतीच. तात्पर्य, दोन्ही बाजूंच्या ‘स्वेच्छे’त सक्ती, गरज व श्रद्धा यांचे मिश्रण होते.

रचना व वेगळेपण

ब्रिटिश हिंदी सेनेत पलटणी व कंपन्या बहुधा जात, धर्म व प्रांत यांनुसार बांधलेल्या असत. या पथकात मात्र हिंदू, मुस्लिम व शीख सैनिक एकाच तुकडीत ठेवण्यात आले. त्यांच्या जर्मन गणवेशावर तिरंगी पार्श्वभूमी व झेप घेणारा वाघ असे चिन्ह होते. ‘जय हिंद’ या अभिवादनाचा प्रसारही याच काळात झाला.

तथापि शपथेतील द्वैत दुर्लक्षिता येत नाही. भारताच्या मुक्तिलढ्याचे नेते म्हणून बोस आणि जर्मन सैन्याचा सरसेनापती म्हणून हिटलर, अशी दोन्ही नावे तीत होती. पथक केवळ ब्रिटिशांविरुद्ध वापरावे, अशी बोस यांची भूमिका होती. परंतु मे १९४२ मधील भेटीतही हिटलरने भारताच्या स्वातंत्र्याची स्पष्ट घोषणा करण्याचे टाळले. ज्या राजवटीचा पायाच वंशश्रेष्ठत्वाचा होता, तिच्याकडून स्वातंत्र्याची अपेक्षा ठेवण्यातील अंतर्विरोध येथे प्रकर्षाने जाणवतो.

नेत्यानंतरचे पथक

अल अलामीन व स्टालिनग्राड येथील पराभवांनंतर जर्मन सैन्य भारताच्या वायव्य सीमेपर्यंत पोहोचण्याची शक्यता मावळली. फेब्रुवारी १९४३ मध्ये बोस आबिद हसन यांच्यासह कील बंदरातून पाणबुडीने पूर्वेकडे रवाना झाले. मागे राहिलेल्या सैनिकांना ही वार्ता गुप्ततेमुळे आधी कळू शकली नाही. त्यांच्या मनोधैर्यावर याचा खोल परिणाम झाला. त्याच वर्षी पथकास हॉलंडच्या किनाऱ्यावर हलविण्याचा आदेश निघाला, तेव्हा काहींनी नकार दिला व त्यांच्यावर कारवाई झाली. त्यांचा तर्क सरळ होता : हॉलंडचे रक्षण म्हणजे भारताचा मुक्तिलढा नव्हे.

पुढे पथक फ्रान्समधील बोर्दोजवळील लाकानो येथे तटरक्षणासाठी नेमले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये ते वाफेन-एसएसच्या अखत्यारीत गेले. त्याच महिन्यात सुरू झालेल्या माघारीत फ्रेंच प्रतिकारकांशी चकमकी झाल्या. ज्यांना स्वदेश मुक्त करावयाचा होता, तेच सैनिक स्वदेश मुक्त करू पाहणाऱ्या फ्रेंचांसमोर शस्त्र घेऊन उभे राहिले. १९४५ च्या वसंत ऋतूत, ह्यूबेर्ग येथील छावणी सोडून स्वित्झर्लंड गाठण्याचा त्यांचा प्रयत्न फसला व ते अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याच्या हाती लागले. नंतर त्यांना ब्रिटिशांच्या स्वाधीन करून भारतात आणण्यात आले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या सैनिकांना ‘देशद्रोही’ वा ‘हुतात्मे’ यांपैकी एकाच चौकटीत बसविणे इतिहासाला न्याय देणारे नाही. त्यांचा हेतू बहुतांशी स्वातंत्र्याचा असला, तरी त्यांच्या शस्त्राची दिशा त्यांच्या हाती राहिली नाही. परक्या सत्तेच्या सैन्यात आपले ध्येय घेऊन जाणाऱ्यास स्वतःची अट घालता येते; ती पाळली जाईलच याची हमी मात्र त्याच्याजवळ नसते. नकार देणारे बहुसंख्य कैदी, सामील झालेले सैनिक आणि हॉलंडला जाण्यास विरोध करणारे, या तिघांच्याही निर्णयांची दखल घेतल्याशिवाय ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही. भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासात या पथकास एक तळटीप म्हणून नव्हे, तर एक स्वतंत्र नैतिक प्रश्न म्हणून स्थान मिळणे आवश्यक आहे.